पुण्याहून रात्री गाडी घेऊन येणाऱ्या भावाचा धोका नेमका कशात आहे?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. धाकटा भाऊ २३ वर्षांचा, हिंजवडीत नोकरी, लायसन्स मिळून दीड वर्ष झालेलं. दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की रात्री नऊच्या सुमारास कार काढतो, मध्यरात्र उलटल्यावर कोल्हापुरात पोचतो आणि सोमवारी पहाटे चारला परत निघतो. तो घरी येईपर्यंत तुम्हाला आणि आईंना झोप लागत नाही. बाबांचं म्हणणं, पोरगं गाडी झकास चालवतंय, बाकी नशिबाचा भाग. आणि तुम्ही विचारलंय की अपघाताचा धोका कशाकशानं वाढतो, आणि आत्ताची छोटी गाडी विकून मोठी, मजबूत गाडी घेतली तर तो कमी होईल का.

मी कोल्हापुरात २६ वर्षं मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून काम करतोय. उद्यमनगरच्या गॅरेजात किंवा शिरोलीच्या यार्डात उभी असलेली ठोकलेली गाडी बघायची, जागेवर जाऊन रस्ता बघायचा, ड्रायव्हरचं म्हणणं ऐकायचं आणि या तिन्हींचा मेळ बसतो का ते लिहायचं, हे माझं काम. त्यामुळे मी बोलतोय ते गाडी चालवायला शिकवणाऱ्याच्या नजरेतून नाही, अपघातानंतर पोचणाऱ्याच्या नजरेतून.

तुमच्या घरात वाद चाललाय तो भाऊ चांगला ड्रायव्हर आहे की नाही यावर. त्यात बाबांचं खरं असू शकतं. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच क्लेममधले ड्रायव्हर चांगलेच होते, काहींनी तर २० वर्षांत गाडीला ओरखडा येऊ दिला नव्हता. विचारायचं आहे ते वेगळं: तो कुठल्या वेळी, किती तास जागा राहून, किती वेगानं आणि कोणाला सोबत घेऊन चालवतो? काही गोष्टी मला इथून कळणार नाहीत. त्याला रात्री किती झोप मिळते, तो घोरतो का, चष्म्याचा नंबर बदललाय का, टायर कसे आहेत, हे तुम्हाला बघावं लागेल. पण तुम्ही सांगितलेल्या वेळांवरूनच मला एक गोष्ट स्पष्ट दिसतेय आणि ती मी आधी सांगतो.

आमच्या क्लेम फॉर्मवर अपघात कसा झाला ते ड्रायव्हरनं स्वतःच्या शब्दांत लिहायचं असतं. रात्रीच्या अपघातात तिथं ठरलेलं वाक्य असतं, ‘कुत्रं आडवं आलं, त्याला वाचवताना गाडी गेली.’ कधी कुत्रं खरंच असतं. पण माणूस जागा असेल तर कुत्रं दिसल्यावर तो ब्रेक मारतो, स्टेअरिंग ओढतो. रस्त्यावर रबराची खूण राहते, खडी उडते, चाकं वळवलेली सापडतात. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक जाम न होऊ देणाऱ्या, गाड्यांत ब्रेकची खूण कमी उठते, तरी वळण्याची खूण लपत नाही. मला मात्र कित्येकदा दिसतं ते असं: गाडी सरळ रेषेत, अगदी सावकाश तिरकी होत होत डिव्हायडरवर चढलीय, किंवा पुढच्या ट्रकच्या मागं तशीच घुसलीय. ब्रेक नाही, वळण नाही. वेळ बघितली की बहुधा रात्री दोन ते पाचची. तो माणूस खोटं बोलत असतो असंही मला वाटत नाही. डुलकी तीन-चार सेकंदांची असते, आणि आपण झोपलो होतो हे झोपलेल्याला आठवत नाही.

ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला २२ मीटर. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ ९० मीटर गाडी बिनमाणसाची.

आता भावाचा शुक्रवार मोजा. सकाळी सातला उठला असेल. दिवसभर स्क्रीनपुढं काम, नऊला गाडी काढली, नवले पुलाच्या गर्दीतून बाहेर पडला, खंबाटकी घाट ओलांडला. साताऱ्याच्या आसपास रात्री बारा वाजतात, म्हणजे तो १७ तास जागा आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये हेच मोजलं होतं. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची चपळाई जेवढी घसरते, ती रक्तात १०० मिलीला ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकी. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे तुमचा निर्व्यसनी भाऊ कराडजवळून जातो तेव्हा, एक थेंबही न घेता, कायद्यानं ज्याची गाडी अडवावी अशा माणसासारखा असतो. फक्त त्याच्या तोंडाला वास येत नाही आणि पोलिसांकडे ते मोजायचं यंत्र नाही.

सोमवारची पहाट मला शुक्रवारपेक्षाही वाईट वाटते. रविवारी रात्री घरी गप्पा रंगतात, झोपायला बारा वाजतात, साडेतीनला गजर. साडेतीन तासांची झोप, आणि निघायची वेळ नेमकी अशी की शरीर आतून सगळ्यात मंद असतं. लोकांना वाटतं पहाटे रस्ता मोकळा मिळतो, हवा गार असते, गाडी छान पळते. मोकळ्या रस्त्यावर डोळ्याला काम नसतं, म्हणून तर झोप येते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २००९ साली साताऱ्याकडचा एक स्पॉट सर्व्हे आटोपून रात्री एकटाच परत येत होतो. कासेगाव मागं टाकलं एवढं आठवतं. पुढचं आठवतं ते डावं चाक रस्त्याकडेच्या खडीवर गेल्याचा आवाज. मधला रस्ता माझ्याकडे नाही. खडीच्या जागी उसाची ट्रॉली उभी असती तर हे उत्तर लिहायला मी नसतो. काच खाली केली होती, गाणी लावली होती, चहाही झाला होता. यातल्या कशानंही झोप थांबत नाही. थांबते ती फक्त झोपल्यानं. चहा-कॉफीचा उपयोग होतो, पण ती चढायला २०-३० मिनिटं लागतात. म्हणून धाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर, उजेडात, माणसांच्या वर्दळीत गाडी लावून आधी कॉफी प्यायची आणि लगेच २० मिनिटं सीट मागं टाकून डोळे मिटायचे. याचा असर तासाभरापुरता राहतो. त्याच्या जिवावर अख्खी रात्र काढता येत नाही.

सर्दीच्या गोळीचं इथंच सांगून टाकतो. सर्दी-ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते आणि ती सकाळपर्यंत रेंगाळते. गोळी घेऊन स्टेअरिंगवर बसायचं नाही, इतकं साधं ते आहे.

बाबा कदाचित म्हणतील की सरकारी आकडेवारीत सगळ्यात जास्त अपघात संध्याकाळी सहा ते नऊमध्ये दिसतात, मग रात्रीची भीती कशाला? आकडा बरोबर आहे. पण त्या वेळी रस्त्यावर गाड्याच किती असतात! ऑफिस सुटलेलं, बाजार भरलेला, दुचाक्या, पायी माणसं, सगळं एकत्र. रात्री दोनला रस्त्यावर त्याच्या तुलनेत मूठभर गाड्या असतात, तरी माझा फोन वाजतो. एकूण अपघात किती हा हिशोब वेगळा आणि एका गाडीमागं धोका किती हा वेगळा. भावासाठी दुसरा बघायचा.

आता वेग. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि केंद्राच्या अहवालात सगळ्यात मोठं कारण अतिवेग हेच नोंदलंय. तरी ‘अतिवेग’ या शब्दानं पोरांना काही कळत नाही, कारण प्रत्येकाला आपला वेग बेताचाच वाटतो. म्हणून मी मीटरमध्ये सांगतो. ताशी ८० च्या वेगात धोका दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत कोरड्या चांगल्या रस्त्यावर साधारण ७० मीटर जातात. यातले ३३ मीटर तर पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच संपतात. ताशी १०० ला हाच आकडा ९८ मीटर होतो. पाऊस असेल तर ब्रेकचं अंतर जवळजवळ दुप्पट धरा. आणि १०० चं मिळतं काय? पुणे-कोल्हापूर अंदाजे २३० किमी. त्यातले १५० किमी मोकळे मिळतात असं समजा. ८० नं आलात तर एक तास ५२ मिनिटं, १०० नं आलात तर दीड तास. वाचली २२ मिनिटं. ती टोलनाक्यावर आणि सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनला निम्मी परत जातात.

हे मीटर तुमच्या भावासाठी जास्त महत्त्वाचे आहेत, कारण तो आपल्या भागात येतो ते रात्री, आणि वर्षातले चार-पाच महिने आपल्याकडे गळीत हंगाम असतो. पेठ नाक्यापासून पुढं, वाठार, किणी, शिरोली, थेट कागलपर्यंत रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन जोडलेल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं किंवा लोंबत्या उसानं झाकलेला. ट्रॅक्टरवर टेप इतका मोठा की मागचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू जात नाही. टायर फुटला तर ट्रॉली रस्त्यातच सोडून, चार दगड लावून माणूस निघून जातो. लो बीमच्या उजेडात न चमकणारी वस्तू ४०-५० मीटरवर दिसते. थांबायला ८० च्या वेगात ७० मीटर लागतात. वजाबाकी तुम्हीच करा. काळ्या रात्री, समोरून गाड्या येत असल्यानं डिपर लावलेला असताना, ८० सुद्धा जास्त होतो. दोष ट्रॉलीवाल्याचा आहेच, साखर कारखान्यांनी रिफ्लेक्टर लावून घेतल्याशिवाय गाडी वजनकाट्यावर घेऊ नये असं मी जिथं जमेल तिथं बोलत आलोय. पण भावाला ती ट्रॉली आहे असं धरूनच गाडी चालवावी लागेल.

तुमचा मोठ्या गाडीचा प्रश्नही इथंच सुटतो. गाडीची मजबुती बंपर, चेसिसचा पुढचा भाग आणि बोनेटच्या आतल्या पट्ट्यांत असते. त्या चेपतात, धक्का पितात आणि आतला माणूस वाचतो. ट्रॉलीचा साटा, म्हणजे ऊस भरायचा लोखंडी सांगाडा, मात्र बोनेटपेक्षा उंच. गाडी खाली घुसते, बंपरला काहीच लागत नाही आणि लोखंड सरळ काचेवर येतं. अशा गाड्या मी बघितल्यात. नंबर प्लेट सरळ, हेडलाइट शाबूत आणि छप्पर मागच्या सीटपर्यंत सोललेलं. तिथं गाडी पाच लाखांची की पंचवीस लाखांची, फरक थोडाच पडतो.

तरी मजबूत गाडी घेऊच नका असं मी म्हणणार नाही. भारत एनकॅपच्या, म्हणजे गाडी धडकवून सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या सरकारी योजनेच्या, चाचण्या २०२३ पासून सुरू झाल्यात, नवी गाडी घ्यायचीच असेल तर त्यांचे तारे जरूर बघा. फक्त समोरच्या धडकेची ती चाचणी ताशी ६४ किमीला होते हे लक्षात ठेवा. १०० ला धडकेची ऊर्जा त्याच्या जवळजवळ अडीचपट असते. आणि मोठ्या गाडीत बसलं की वेग कमी वाटतो, आवाज आत येत नाही, पोरगं नकळत १० नं जास्त पळवतं. हे मी माझ्या पाहण्यातून सांगतो.

बेल्टबद्दल मात्र माझा कुणाशीही वाद नको. गाडी उघडली की मी आधी बेल्ट ओढून बघतो. अपघाताच्या वेळी तो अंगावर असेल तर पट्ट्यावर, वरच्या कडीपाशी, भाजल्यासारखा चट्टा उठतो आणि पट्टा तिथंच अडकतो. पट्टा गुळगुळीत गुंडाळलेला असेल तर पुढं दवाखान्यात काय ऐकायला मिळणार ते मला आधीच कळतं. काही गाड्यांत बेल्टच्या खाचेत नुसती क्लिप खोचलेली सापडते, आवाज बंद करायला. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं त्या ऑनलाइन विकायला मनाई केली, तरी गाड्यांत त्या अजून दिसतात. एअरबॅग बेल्टच्या जोडीनं काम करायला बनवलेली असते. बेल्टशिवाय माणूस पुढं फेकला जातो आणि उघडत्या बॅगवर आदळतो. मागच्या सीटचंही तेच. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर, बेल्टशिवाय, आणि गाडी महागातली, नावाजलेली होती. भाऊ तुम्हाला आणि आईंना घेऊन ज्योतिबाला जाईल तेव्हा मागं बसलेल्यांनीही बेल्ट लावायचा. पुढं लोखंडी गार्ड बसवला असेल तर काढून टाका. केंद्रानं २०१७ च्या डिसेंबरमध्येच त्याला बेकायदा ठरवलंय, कारण धक्का पिण्याची आणि एअरबॅग उघडण्याची गाडीची सगळी गणितं तो बिघडवतो.

आता दीड वर्षाचं लायसन्स. क्लच-गिअर चार महिन्यांत येतात, हात बसतो, आणि तिथंच पोराला वाटतं की गाडी आली. जे यायला वर्षं लागतात ते म्हणजे काय होणार ते आधी ओळखणं. रस्त्याकडेला थांबलेल्या एसटीच्या पुढून कुणीतरी पळत येणार, पुढच्या ट्रकनं उगाच इंडिकेटर दिलाय म्हणजे त्याच्यापुढं काहीतरी आहे, वळवाचा पहिला शिडकावा झालाय म्हणजे रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून साबण झालाय. जुना ड्रायव्हर हे विचार न करता करतो, म्हणून त्याला वेळ जास्त मिळतो. नवा माणूस नजर बोनेटपुढच्या २० मीटरवर ठेवतो. यावर उपाय सराव, पण दिवसाचा सराव. आणि गाडीत कोण आहे याचाही मोठा फरक पडतो. वयानं मोठं माणूस शेजारी असेल तर तरुण पोरगं जपून चालवतं, तीन दोस्त असतील तर तेच पोरगं वेगळं होतं. शुक्रवारी तो पेट्रोलचा खर्च वाटून घ्यायला मित्र आणत असेल तर कोणाला आणतो ते विचारा. शेजारी बसून जागा राहणारा, बोलणारा एक मित्र चांगला. मागं बसून ‘ओढ की रे’ म्हणणारे नकोत.

दारूबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून एकच ओळ: १७ तास जागा आणि वर ऑफिसच्या पार्टीतली एक बाटली बिअर, हे दोन्ही एकमेकांत मिसळले की नुसती बेरीज होत नाही, त्याहून वाईट होतं. टायरला खाचेची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर बदला आणि टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष सांगतात. गाडी कमी फिरली तरी रबर म्हातारं होतं.

एवढं सगळं सांगितल्यावर क्रम लावायचा झाला तर तुमच्या भावासाठी मी असा लावेन: आधी झोप आणि वेळ, मग अंधारातला वेग, मग बेल्ट, मग सोबत. गाडीचा आकार यात फार मागं येतो. दुसऱ्या कुणासाठी क्रम बदलेल. रोज गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत दुचाकीवर जाणाऱ्या माणसाला मी पहिलं हेल्मेट सांगितलं असतं, आणि मधुमेह असलेल्या ६० वर्षांच्या काकांना डोळे तपासून घ्यायला.

करायचं काय? शुक्रवारी रात्री निघायचंच नाही. शुक्रवारी पुण्यात जेवून झोपायचं, शनिवारी उजाडता सहाला निघायचं, अकरापर्यंत घरी. त्याला वाटेल अर्धा शनिवार गेला. पण आत्ता तो दीडला पोचतो आणि दहापर्यंत झोपतोच ना? एक तासही नीट जात नाही. परतताना सोमवारची पहाट बंद. रविवारी दुपारी चारला निघायचं. मटण-भाकरीवर लगेच नाही, आधी तासभर आडवं होऊन, कारण दुपारी दोन ते चारचीही एक झोपेची लाट असते. रविवारी संध्याकाळी खंबाटकीला आणि पुण्यात शिरताना गर्दी लागते, तास-दीड तास जाईल, तो कंटाळेल. पण गर्दीत सरपटणाऱ्या गाड्यांचे बंपर फुटतात, माणसं सहसा वाचतात. ज्या आठवड्यात रात्रीच यावं लागेल त्या आठवड्यात रेल्वे किंवा बस. दोन तासांनी एकदा थांबायचं, झोप येवो न येवो.

बाबांच्या नशिबाबद्दल. मी नशीब नाकारत नाही. समोरून डिव्हायडर तोडून ट्रक आला तर कुणाच्या हातात काही नसतं, तसे क्लेमही माझ्याकडे आलेत. पण आलेल्या बहुतेक फाइलींत निघायची वेळ दोन तासांनी इकडची तिकडं झाली असती तर फाइल उघडलीच नसती, असं मला वाचताना वाटतं. बाबांना वाद घालून पटणार नाही. त्यांना एवढंच विचारा, की तुम्ही स्वतः १८ तास जागे राहून पुण्याहून गाडी आणाल का?

शेवटचं तुमच्या घरापुरतं, रागावू नका. भाऊ निघाला की दर अर्ध्या तासानं फोन होत असणार, ‘कुठवर आलास?’ काळजीपोटी, मला कळतं, माझ्या घरीही होतं. पण चालवताना फोनवर बोलणाऱ्याचा अपघाताचा धोका जवळजवळ चौपट होतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ब्लूटूथनं तो फारसा कमी होत नाही, कारण हात मोकळे राहिले तरी डोकं घरी पोचलेलं असतं. त्यापेक्षा ठरवून टाका: आनेवाडीला थांबला की तो एक मेसेज करील, कराडला थांबला की दुसरा. मध्ये कुणी फोन करायचा नाही, त्यानं उचलायचाही नाही. आणि आईंना सांगा, शुक्रवारी रात्री ताट झाकून वाट बघायला नको, तो शनिवारी दुपारी जेवायला येतोय.